दोन टन पाणी, सोळा ग्रॅम श्वास

गिरगावात, दादरला किंवा लालबागला फिश टँकचं एखादं छोटं दुकान दिसलं तर दोन मिनिटं थांबा आणि मनातल्या मनात एक हिशेब करा. दुकान दहा बाय बारा फुटांचं धरू, म्हणजे १२० चौरस फूट. भिंतींना लोखंडी अँगलचे रॅक आणि त्यांवर एकावर एक अशा तीन रांगांत दोन बाय एक बाय एक फुटाच्या चाळीस टाक्या. अशी टाकी काठोकाठ भरली तर ५६ लिटर पाणी मावतं. वरची दोन बोटं मोकळी सोडून आपण ५० लिटर धरू. चाळीस टाक्यांचं पाणी झालं दोन हजार लिटर, म्हणजेच दोन टन.

आता या दोन टन पाण्यात माशांच्या श्वासाला किती प्राणवायू असतो ते पाहू. मुंबईत टाकीतलं पाणी साधारण २८ अंशांवर असतं. त्या तापमानाला एक लिटर पाण्यात फार तर ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. दोन हजार लिटरांचे मिळून झाले १५.६ ग्रॅम. सोळा म्हणा. चहात चार चमचे साखर घातली तर जेवढं वजन होईल तेवढं.

त्याच दुकानातल्या हवेचा हिशेब केला तर छतापर्यंतच्या दहा फूट उंचीत सुमारे साडेआठ किलो प्राणवायू निघतो. मालक ज्या हवेत श्वास घेतो तिथे साडेआठ किलो आणि माल ज्या पाण्यात श्वास घेतो तिथे सोळा ग्रॅम. पाचशेपटींहून मोठी ही तफावत एकाच शटरच्या आत, हाताच्या अंतरावर, रात्रंदिवस सांभाळायची असते. ही दुकानं एकेक करून का बंद पडतात, याचं उत्तर शोधायला निघालं की प्रत्येक वळणावर हा सोळा ग्रॅमचा आकडा पुन्हा भेटतो.

आजूबाजूचे धंदे बघा. लालबागच्या मिरची गल्लीतला मसाला नीट ठेवला तर वर्षभर टिकतो. चिवडा गल्लीतला चिवडा काही आठवडे निघतो. दादरच्या फुलबाजारातली शेवंती संध्याकाळपर्यंत कोमेजते, पण तिला खाऊ घालावं लागत नाही आणि रात्रभर पंखाही लावावा लागत नाही. कोळीण मावशीचा बोंबील बर्फावर असतो आणि उन्हं उतरली की भावही उतरतो. खायच्या माशाचा धंदा मासा मेल्यावर सुरू होतो, बघायच्या माशाचा धंदा मासा मेला की संपतो. या दुकानातला माल रोज जेवतो, रोज घाण करतो, आजारी पडतो आणि विकला जाईपर्यंत क्षणोक्षणी श्वास घेतो.

८,७६० तास

वर्षाचे तास ८,७६०. किराणा दुकान त्यातले निम्मे तास बंद असतं. फिश टँकच्या दुकानाचं शटर रात्री दहाला खाली येतं, पण आतला एअर पंप चालूच राहतो. दिवाळीत, धुळवडीला, घरात लग्न असलं किंवा सुतक असलं तरी तो चालूच असतो.

तो थांबला तर काय होतं? दुकानात लहानमोठे मिळून दहा किलो वजनाचे मासे आहेत असं धरा. उष्ण पाण्यातल्या माशांना दर किलोमागे तासाला साधारण ३०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे सगळ्यांना मिळून तासाला तीन ग्रॅम. प्राणवायू लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करू लागतात. तिथवर पोचायला सोळापैकी साडेनऊ ग्रॅम खर्च व्हावे लागतात. हिशेबाने झाले सव्वातीन तास. थोडा प्राणवायू वरच्या हवेतून पाण्यात उतरतो, पण तळातल्या घाणीवर जगणारे जिवाणूही त्यातला वाटा उचलतात. गर्दीच्या टाकीत वेळ याहून कमी मिळतो.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, सिग्नल बंद पडले. बातम्या रेल्वेच्या आणि रुग्णालयांच्या आल्या आणि ते योग्यच होतं. पण वीज गेली की प्रत्येक फिश टँकवाल्याला काय करावं लागतं ते या धंद्यातलं माणूस सांगेल. हातात मग घ्यायचा, टाकीतलं पाणी उचलायचं आणि फूटभर उंचीवरून पुन्हा त्याच टाकीत सोडायचं. पाणी पडताना हवा सोबत घेऊन जातं. एक टाकी झाली की दुसरी, मग तिसरी. चाळिसावी होईपर्यंत पहिलीतले मासे पुन्हा तोंडं उघडू लागलेले असतात.

त्याच वर्षी २५ मार्चपासून देश आधी २१ दिवसांसाठी बंद झाला आणि मग ही मुदत वाढत गेली. २१ दिवस म्हणजे ५०४ तास. धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो, पण पंपाशिवाय गच्च भरलेली टाकी एक रात्र काढेल याची खात्री नसते. ज्याचं घर दुकानाच्या माळ्यावर किंवा मागच्या चाळीत, त्याला निदान जाता येत होतं. ज्याचं घर डोंबिवलीला किंवा विरारला, त्याच्यासाठी लोकल बंद होती. चपलांचं दुकान पुढे कधीतरी उघडलं तेव्हा चपला जागेवर होत्या.

वर्षाला २६ टन

मासा खातो आणि मूत्र-विष्ठेबरोबर कल्ल्यांतूनही अमोनिया पाण्यात सोडतो. गर्दीच्या टाकीत हे विष झपाट्याने साठतं, म्हणून पाणी बदलावं लागतं. आठवड्याला एक चतुर्थांश बदललं तरी ५०० लिटर होतात, म्हणजे दहा लिटरच्या पन्नास बादल्या. वर्षाचे झाले २६ हजार लिटर, २६ टन. जुनं पाणी काढायचं आणि नवं भरायचं, म्हणजे हाताने हलवायचं वजन ५२ टन. सगळ्यात वरच्या रांगेतल्या टाकीसाठी यातलं बरंचसं डोक्याच्या उंचीपर्यंत उचलावं लागतं.

आणि हे पाणी नळाचं, तसंच्या तसं ओतता येत नाही. मुंबईला सात तलावांतून रोज ३,८०० दशलक्ष लिटरांहून जास्त पाणी येतं. तानसा-भातसाचं पाणी शंभरेक किलोमीटरचा प्रवास करून गिरगावच्या नळाला ठरावीक वेळेपुरतं येतं. ते आपल्याला निर्धोक व्हावं म्हणून त्यात क्लोरीन असतो. जो क्लोरीन आपल्याला कावीळ-कॉलऱ्यापासून वाचवतो तोच माशाचे कल्ले जाळतो. म्हणून पाणी पिंपात भरून ठेवायचं, हवा सोडून क्लोरीन उडवायचा किंवा औषधाने मारायचा आणि मगच टाकीत घालायचं. शंभर-दीडशे फुटांच्या गाळ्यात ५०० लिटरच्या पिंपाला जागा द्यायची, म्हणजे एवढ्या जागेत विक्रीच्या टाक्या कमी ठेवायच्या. बाहेर पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबतं आणि आत दुकानदार स्वच्छ पाण्याच्या बादल्या मोजत असतो.

एका लिटरची किंमत १६५ लिटर

हे मासे येतात कुठून? देशात रंगीत माशांची पैदास सर्वांत जास्त होते ती पश्चिम बंगालमध्ये हावडा आणि चोवीस परगण्यांत, आणि तमिळनाडूत चेन्नईच्या कोळत्तूर भागात. काही जाती परदेशातून येतात. मुंबईत किरकोळ दुकानदारांची खरेदी बरीचशी कुर्ल्याच्या बाजारातून होते. हावड्याहून मुंबई रेल्वेने सुमारे १,९६८ किलोमीटर. नखाएवढ्या माशाने एवढा प्रवास करायचा तो एका प्लास्टिकच्या पिशवीत.

त्या पिशवीतही आपला आकडा आहे. पिशवीचा तिसरा हिस्सा पाणी आणि वरचे दोन हिस्से नळकांड्यातून भरलेला शुद्ध प्राणवायू. एक लिटर शुद्ध प्राणवायूचं वजन साधारण १.३ ग्रॅम. इतका प्राणवायू विरघळलेल्या रूपात हवा असेल तर १६५ लिटरांहून जास्त पाणी लागेल. म्हणजे रबर लावून फुगवलेल्या पिशवीतला एक लिटर प्राणवायू तीन टाक्यांच्या पाण्याचं काम करतो. विज्ञानाची ही करामत रोज रस्त्याच्या कडेला दोन बोटांत रबर गुंडाळत घडते आणि आपण तिला पिशवी म्हणतो.

तरीही मासे मरतात. प्रवासाचा ताण असतो, बदललेलं पाणी असतं, दोन दिवसांनी अंगावर उठणारे पांढरे ठिपके असतात. शंभर मासे दहा रुपयांनी घेतले आणि त्यांतले वीस गेले तर उरलेल्या ऐंशींची खरेदी साडेबारा रुपयांनी पडली. चाळीस गेले तर पावणेसतरा रुपयांनी. साडीच्या दुकानदाराच्या गठ्ठ्यातल्या शंभर साड्या उघडल्यावर शंभरच निघतात. इथे ‘घेतले किती’ हा आकडा खरा नसतो. ‘आठव्या दिवशी उरले किती’ हाच खरा आकडा.

एका मादीपासून सव्वा लाख

मग प्रश्न येतो की मासे तर भराभर वाढतात, दुकानदाराने घरीच पैदास का करू नये? गप्पीचं उदाहरण घेऊ. गप्पीची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते आणि साधारण महिन्याला एक वीण होते. एका विणीत तीस पिल्लं, त्यांतल्या निम्म्या माद्या आणि त्या तीन महिन्यांनी विणायला तयार, असं धरा. एकही पिल्लू मरू देऊ नका. कागदावर मांडलं तर पहिल्या तीन महिन्यांत एकच मादी असते. सहाव्या महिन्यात विणाऱ्या माद्या २८६ होतात, नवव्यात ५,७३१ आणि बाराव्या महिन्यात १,२४,५७६. सव्वा लाख माद्या, तेवढेच नर आणि खाली पिल्लांचा समुद्र.

प्रत्यक्षात असं होत नाही, कारण जागा, खाणं आणि प्राणवायू आधीच संपतो, शिवाय गप्पी स्वतःची पिल्लं खातो. पण या आकड्यातच धंद्याचं एक दुखणं आहे. जो माल गच्चीवरच्या पिंपातही वाढतो, त्याचा भाव वर जात नाही. ज्याच्याकडे मोकळी जमीन, विहीर आणि ऊन आहे तो पैदास करतो आणि स्वस्त विकतो. मुंबईच्या मधोमध १२० फुटांत बसलेल्याकडे या तिन्हीपैकी काहीच नसतं. त्याच्याकडे असतो फक्त रस्त्याचा पत्ता, आणि या शहरात सगळ्यात महाग वस्तू तीच आहे.

१०८ सेकंद

आता गल्ल्याचा हिशेब. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही आपल्या भागाप्रमाणे बदलून बघा. गाळ्याचं भाडं महिना ७०,००० रुपये. एक मदतनीस १८,०००. वीज ६,०००. खुराक, औषध, मीठ, पिशव्या, प्राणवायूचं नळकांडं मिळून ६,०००. आणि मालकाने घरी न्यायचे फक्त ३०,०००. एकूण १,३०,०००. मेलेल्यांची तूट वजा जाता एका माशामागे १५ रुपये सुटतात असं धरलं तर महिन्याला ८,६६७ मासे विकावे लागतील. महिन्याचे २६ दिवस, म्हणजे दिवसाला ३३३. दुकान दहा तास उघडं, म्हणजे ३६,००० सेकंद. भागाकार करा. दर १०८ सेकंदांना एक मासा.

जपमाळेचे मणी १०८, पण इथे एक मणी ओढायला तेवढे सेकंद पुरत नाहीत. गिऱ्हाईक मुलाला घेऊन येतं. मुलगा काचेवर बोट ठेवून म्हणतो, “काका, तो नाही, त्याच्या मागचा.” जाळी आत जाते, मासा पळतो, पुन्हा जाळी. पकडला, पिशवीत घातला, हवा भरली, रबर लावलं. मग आई विचारते, “किती दिवस जगेल हो हा? खायला काय द्यायचं? आमच्याकडे गोल भांडं आहे, चालेल ना?” प्रामाणिक दुकानदार या तीन प्रश्नांची नीट उत्तरं देईल तर दहा मिनिटं जातील. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. तेवढ्यात पाचांहून जास्त मासे विकायला हवे होते.

म्हणून ही दुकानं माशांवर चालत नव्हती. ती चालत होती टाकी, स्टँड, फिल्टर, दिवा, वाळू आणि खुराकाच्या डब्यावर. मासा लोकांना आत आणायचा आणि सामान भाडं भरायचं. हे सामान आता फोनवर मिळतं. लोक दुकानात येतात, टाक्या बघतात, फिल्टर कोणता घ्यावा ते विचारतात, डब्याचा फोटो काढतात आणि घरी जाऊन तोच डबा दूरच्या गोदामातून मागवतात. त्या गोदामाला दादरचं भाडं नाही, ८,७६० तासांचा पंप नाही आणि दहा मिनिटांचा सल्लाही नाही. सामानावरच्या ज्या नफ्यावर गाळा तगायचा तोच निघून गेला. उरले ते १०८ सेकंद.

भाड्याच्या आकड्यामागेही इतिहास आहे. दक्षिण आणि मध्य मुंबईतली बहुतेक जुनी दुकानं पागडीची होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने गोठलेलं भाडं आणि २००० सालापासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार वर्षाला चार टक्के वाढ. एवढ्यावर फिश टँकवाला, घड्याळजी, छत्री दुरुस्तीवाला असे कमी नफ्याचे धंदे टिकून राहिले. १९६९ साली या बेटावर १९,६४२ उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या. त्यांतल्या हजारो आता पुनर्विकासात गेल्या किंवा जायच्या वाटेवर आहेत. इमारत पाडल्यावर नवी उभी राहीपर्यंत वर्षं जातात. कापडवाला तेवढा काळ माल बांधून ठेवू शकतो. दोन टन पाणी आणि त्यातले जीव बांधून ठेवता येत नाहीत. पुन्हा गाळा मिळतो तेव्हा जुना दुकानदार साठीत पोचलेला असतो, मुलगा नोकरीला लागलेला असतो आणि त्या गाळ्याला मोबाइलवाला किंवा औषधवाला कितीतरी जास्त भाडं द्यायला तयार असतो. मग गाळा सोडणाऱ्या जुन्या दुकानदाराला दोष कसा द्यावा?

अडीच लाख माणसं कमी

माशांना पाणी लागतं तसं दुकानाला गिऱ्हाईक लागतं. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटाची, लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजार झाली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी. देशाची लोकसंख्या त्याच काळात १८ कोटींनी वाढली होती.

गेलेली माणसं कोण होती हे गिरगाव-परळ-लालबागच्या वाचकाला सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले. त्यानंतर गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि कामगारांची मुलं डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेलकडे गेली. चाळीच्या गॅलरीत बरणी ठेवून त्यात गप्पी पाळणारी, शाळेतून येताना दुकानापुढे दप्तर अडकवून उभी राहणारी मुलं त्यांच्यातच होती. टॉवरमध्ये राहायला आलेल्यांचं घर मोठं आहे, पण त्यांच्याकडे टाकी बसवायला आणि धुवायला कंत्राटदार येतो. ते खाली उतरून दहा रुपयांचा खुराक घेत नाहीत.

जे राहिले त्यांची अडचण वेगळी. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत २५५ लिटर पाणी मावतं. काच, वाळू आणि स्टँड धरून वजन ३०० किलोंच्या वर जातं आणि ते सगळं सहा चौरस फुटांवर उभं राहतं. म्हणजे चौरस मीटरला ५४० किलोंच्या आसपास. राहत्या घराची जमीन भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलोंचा वापरातला भार धरून आखतात. हा भार खोलीभर पसरलेला धरतात, म्हणून भिंतीलगत ठेवलेली टाकी नव्या इमारतीत सहसा निभावते. पण गिरगावच्या सागवानी तुळयांच्या, शंभरी ओलांडलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर ती ठेवायची हिंमत शहाण्या माणसाने करू नये. बीडीडीच्या २०७ चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. तिथे पाच-सहा माणसं राहायची. त्यांतल्या बऱ्याचशांच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरं उभी राहत आहेत, म्हणजे जागा तिपटीने वाढते आहे. हौस परत यायला इथे जागा आहे.

आणखी एक कारण आपल्याच घरातलं आहे. गणपतीला आणि मे महिन्यात अर्धं लालबाग-परळ कोकणात गावाला जातं. किल्ली शेजारच्या काकूंकडे. काकू मायेने रोज मूठभर खाणं घालतात. ते कुजतं, पाणी दुधाळ होतं आणि आठव्या दिवशी सगळे मासे पाठीवर तरंगतात. खरं तर निरोगी मोठे मासे आठवडाभर काहीही न खाता राहिले असते. उपाशी राहून जितके मासे मरत नाहीत तितके मायेने मरतात.

४२ दिवस आणि ४३ वर्षं

इथे धंद्याचा गाभा लागतो. नव्या टाकीत पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तेव्हाच ती सर्वांत धोक्याची असते. माशाने सोडलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. रविवारी टाकी घेतली, रविवारीच वीस मासे सोडले, तर पुढच्या रविवारपर्यंत त्यांतले निम्मे जाणं हे ठरलेलंच. घरातलं माणूस म्हणतं, “दुकानदाराने आजारी मासे दिले.” मुलगा रडतो, टाकी माळ्यावर जाते, तिच्यात जुनी वर्तमानपत्रं भरली जातात. एक गिऱ्हाईक कायमचं गेलं.

दुसऱ्या टोकाचा आकडा बघा. इंग्लंडमधला टिश नावाचा एक साधा गोल्डफिश १९९९ मध्ये मेला तेव्हा त्याचं वय ४३ वर्षं होतं. नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतो आणि फूटभरही वाढतो. आपल्याकडे गोल भांड्यातला गोल्डफिश पंधरा दिवसांत जातो आणि आपण समजतो की त्याचं आयुष्यच तेवढं. ज्या माशाने गिऱ्हाइकाला दहा वर्षं दुकानाशी बांधून ठेवलं असतं तो पंधरा दिवसांत दोघांचं नातं तोडून जातो. मेलेल्या माशाच्या जागी नवा मासा विकून धंदा चालतो हा गैरसमज आहे. सलग तिसरा मासा मेला की माणूस मासे घेत नाही, हौस सोडतो.

म्हणून “आज फक्त टाकी न्या, मासे महिन्याने घ्यायला या,” असं म्हणणारा दुकानदार मला या शहरातला मोठा माणूस वाटतो. १०८ सेकंदांचं ओझं डोक्यावर असताना तो समोरची विक्री ४२ दिवस पुढे ढकलतो.

दहा हजारातला एक भाग

मग बंद पडलं दुकान तर काय बिघडलं? पृथ्वीवरच्या एकूण पाण्यात नद्या-तळ्यांचं गोडं पाणी दहा हजारात जेमतेम एक भाग आहे. तेवढ्याशा पाण्यात जगातल्या माशांच्या जवळपास निम्म्या जाती राहतात. सोळा ग्रॅमच्या दुकानात त्या पाण्याची खिडकी उघडते. एका रांगेत ॲमेझॉनच्या खोऱ्यातला निऑन टेट्रा, दुसरीत थायलंडचा फायटर. फायटरच्या डोक्यात हवा थेट श्वासात घेणारा खास अवयव असतो, म्हणून तो छोट्या बरणीतही तगतो. आणि एखाद्या टाकीत अंगावर लाल-काळी रेघ असलेला मिस केरळ. हा आपल्याच पश्चिम घाटाच्या नद्यांतला. १८६५ मध्ये फ्रान्सिस डे याने त्याचं वर्णन केलं आणि २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशाला नाव दिलं ‘सह्याद्रिया’. सह्याद्रीच्या नावाचा मासा लालबागच्या मुलाला दिसायची जागा आता एकच, ती म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान.

पूर्वी मासे बघायची दुसरी जागा होती. चर्नी रोड स्टेशनवरून उतरून रस्ता ओलांडला की तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ मध्ये आठ लाख रुपये खर्चून ते उभं राहिलं. त्यांतले दोन लाख एका पारशी दानशूराने, डी. बी. तारापोरवाला यांनी दिले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद उद्घाटनाला आले होते. २०१५ मध्ये नूतनीकरण झालं आणि बारा फुटांचा, डोक्यावरून मासे पोहणारा काचेसारखा बोगदा आला. २०२० च्या टाळेबंदीत दार बंद झालं ते मुलांसाठी पुन्हा उघडलं नाही. गिरगाव-दादरच्या तीन पिढ्यांची माशांशी पहिली ओळख त्या अंधाऱ्या, निळ्या दालनात झाली. तिथून बाहेर पडलेलं मूल घरी जाताना दुकानापुढे हटून बसायचं. ते दालन बंद झालं तेव्हा शहरातल्या प्रत्येक फिश टँकच्या दुकानाचा पहिला दरवाजा बंद झाला.

सरकारी पातळीवर दोन टोकं दिसतात. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले. त्यांत १५८ जातींच्या यादीवर बंदी आणि पूर्णवेळ तज्ज्ञ नेमण्यासारख्या अटी होत्या. १२० फुटांच्या गाळ्याला त्या झेपणाऱ्या नव्हत्या आणि पुढे ते नियम मागे घेतले गेले. दुसरीकडे २०२० मध्ये २०,०५० कोटींची प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली आणि तिच्यात रंगीत माशांच्या परसातल्या पैदाशीलाही अर्थसाहाय्य ठेवलं गेलं. माशांना क्रूरपणे वागवू नये हे खरंच. पण क्रूरता थांबते ती माहितगार दुकानदारामुळे. तो कोपऱ्यावर टिकला तर गोल भांड्याऐवजी योग्य टाकी विकली जाईल आणि तळहाताएवढा सकरमाउथ जातीचा मासा फूटभर वाढल्यावर तो तलावात सोडायला कोणी जाणार नाही.

वाचकांना माझी विनंती चारच गोष्टींची आहे. टाकी घ्यायची असेल तर घराजवळच्या दुकानातून घ्या आणि फिल्टरही तिथूनच घ्या. ज्याचा सल्ला घेतला त्याच्याकडून दोनशे रुपये महाग घेतलेली वस्तू ही त्या सल्ल्याची फी समजा. टाकीला तिचे ४२ दिवस द्या. गावाला जाताना शेजारी किल्ली द्या, खाण्याचा डबा देऊ नका. आणि वाढलेला, नकोसा झालेला मासा तलावात, नाल्यात किंवा विहिरीत न सोडता दुकानात परत न्या.

महापालिकेला आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाला एकच सांगणं आहे. तारापोरवाला मत्स्यालय पुन्हा उघडा. गिरगावातलं २०२० नंतर जन्मलेलं एकही मूल आजवर त्या दारातून आत गेलेलं नाही.